एव्हरेस्टच्या पायथ्याशी जाण्यापूर्वी

नेपाळात जाऊन एव्हरेस्टचा पायथा पाहून येण्याचा बेत ठरला की मंडळी सल्ला विचारायला येतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न बुटांचा असतो. बूट घोट्याच्या वर येणारे घ्यावेत की खाली राहणारे? जाकीट पिसांचे बरे की कृत्रिम धाग्याचे? काठी एक पुरेल की दोन लागतील? हे प्रश्न गैर नाहीत आणि त्यांची उत्तरे मी पुढे देणारच आहे. परंतु मी आधी उलट प्रश्न विचारतो, "रजा किती दिवसांची मिळाली आहे?" "दहा दिवसांची," असे उत्तर आले की मी म्हणतो, "मग बुटांची घाई करू नका. या खेपेला पोखऱ्याला जाऊन अन्नपूर्णेचे दुरून दर्शन घ्या, आणि एव्हरेस्टसाठी पुढच्या वर्षी अठरा दिवस साठवा."

पुष्कळांना हे उत्तर आवडत नाही. कुणी म्हणतो, मी रोज पहाटे दहा किलोमीटर धावतो. कुणी म्हणतो, आमच्या शेजारचे गृहस्थ आठ दिवसांत जाऊन आले. आले असतील, त्यांचे दैव बलवत्तर. उंच डोंगरातल्या अनेक दिवसांच्या चालीची तयारी म्हणजे सामानाची तयारी, असा आपला समज असतो. खरे पाहता ती मुख्यतः दिवसांची तयारी आहे. ज्याने दिवस पुरेसे घेतले त्याला सामानातली चूक निभावून नेता येते. ज्याने दिवस तोडले त्याला उत्तम सामानही नेहमी वाचवीत नाही. हे कसे, ते पाहू.

प्रथम हवेचा हिशेब. "वर प्राणवायू कमी असतो," असे आपण सहज बोलून जातो. पण हवेतले प्राणवायूचे प्रमाण मुंबईच्या चौपाटीवर शेकडा २१ असते आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरही शेकडा २१ च असते. बदलतो तो हवेचा दाब. चौपाटीवर आपल्या डोक्यावर हवेचा जेवढा थर असतो तेवढा डोंगरावर नसतो. वरचे ओझे कमी, म्हणून हवा विरळ. आणि म्हणून एका श्वासात प्राणवायूही कमी मिळतो. नामचे बाजार हे शेर्पांचे गाव ३,४४० मीटर उंचीवर आहे. तिथे एका श्वासात समुद्रकाठच्या सुमारे दोन तृतीयांश प्राणवायू मिळतो. एव्हरेस्टच्या पायथ्याचा तळ ५,३६४ मीटरवर. तिथे तो निम्म्याहून थोडाच अधिक उरतो. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. म्हणजे एका कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी नामचेची बरोबरी होत नाही, आणि खरी उंची तर नामचेपासून पुढे सुरू होते.

या विरळ हवेशी शरीर जमवून घेते, पण आपल्या वेळेने घेते. पहिल्या दिवसापासून श्वास जलद व खोल होतो. त्यामुळे रक्तातला कर्बवायू नेहमीपेक्षा जास्त बाहेर पडतो आणि रक्ताचा रासायनिक तोल थोडा ढळतो. तो सावरण्याचे काम मूत्रपिंडे पुढचे काही दिवस करीत राहतात, आणि तोल सावरत गेला की श्वास आणखी मोकळा होतो. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला तर काही आठवडे लागतात. या सगळ्याला आपण हवेला रुळणे म्हणू. तरुणाला ते लवकर साधते आणि म्हाताऱ्याला उशिरा, असेही नाही. पहिलवान आजारी पडतो आणि त्याची किरकोळ अंगाची बहीण हसत पुढे जाते, असे पुष्कळदा घडते. कोण किती लवकर रुळेल हे आधी कुणाला सांगता येत नाही.

आपल्याच जवानांचे उदाहरण याबाबत फार बोलके आहे. १९६२ च्या चीनशी झालेल्या युद्धाच्या सुमारास मैदानी प्रदेशातल्या सैनिकांना थोड्या वेळात लडाखसारख्या अत्यंत उंच भागांत पोचवावे लागले. ही माणसे तरुण होती, धडधाकट होती, कवायतीत तयार झालेली होती. तरीही त्यांतली पुष्कळ आजारी पडली. डॉ. इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांच्या आजाराचा अभ्यास करून १९६९ साली निबंध प्रसिद्ध केला. उंचीच्या आजाराविषयी जे ज्ञान आज जगभर वापरले जाते, त्यात त्या निबंधाचा मोठा वाटा आहे. रोज पहाटे धावणाऱ्या आपल्या मित्राला हे जरूर सांगावे.

आता एक जुनी गोष्ट. जॉन हंट यांच्या ज्या तुकडीतले तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले, ती तुकडी काठमांडूच्या खोऱ्यातून मार्च महिन्याच्या दहा तारखेस पायी निघाली होती. तेंगबोचेच्या मठापर्यंत यायलाच त्यांना सुमारे अडीच आठवडे लागले. दरीत उतरायचे, समोरची धार चढायची, पुन्हा उतरायचे, असा तो रस्ता. मठाशी पोचल्यावरही त्यांनी थेट पुढे धाव घेतली नाही; आसपासच्या शिखरांवर चढउतार करीत तीन आठवडे हवेची सवय केली.

पुढे १९६४ साली हिलरींनी लुक्ला येथे विमानाची धावपट्टी तयार करवली. शेर्पांच्या गावांत इमारती उभ्या करायच्या तर त्यांचे सामान आणण्याची सोय व्हावी, हा उद्देश. कुंदे गावचे रुग्णालय त्यानंतर १९६६ साली सुरू झाले. सोय शेर्पांच्या भल्यासाठी झाली आणि प्रवाशांच्याही कामी आली. आज काठमांडूहून उडालेले विमान अर्ध्या-पाऊण तासात तुम्हाला २,८६० मीटर उंचीवर आणून सोडते. अडीच आठवड्यांची चाल वाचली. पण त्या चालीत शरीर जे हळूहळू शिकत होते तेही राहून गेले. ते दिवस आता आपण आपणहून परत द्यायचे असतात.

ते कसे द्यायचे, यासाठी डॉक्टरांनी साधे नियम घालून दिले आहेत. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर आजच्या मुक्कामाची जागा कालच्या मुक्कामापेक्षा पाचशे मीटरहून अधिक उंच असू नये. आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच गावी मुक्काम वाढवावा. दिवसा वर चढून गेलात तरी हरकत नाही, झोपायला खाली यावे. अर्थात विश्रांतीचा दिवस म्हणजे पांघरुणात लोळण्याचा दिवस नव्हे.

या नियमाला साधारणपणे धरून वाट अशी बसते. पहिल्या दिवशी लुक्ल्याहून फाकडिंगला जावे. हे गाव लुक्ल्याहून खाली, २,६१० मीटरवर आहे. दुसऱ्या दिवशी नामचे. ही चढण मोठी, म्हणून तिसरा दिवस नामचेलाच काढायचा. त्या दिवशी वरच्या स्यांगबोचेपर्यंत चढून यावे, कुंद्याचे रुग्णालय पाहावे. चौथा मुक्काम तेंगबोचे, ३,८६० मीटर. पाचवा दिंगबोचे, ४,४१० मीटर. सहाव्या दिवशी पुन्हा दिंगबोचेलाच राहायचे. सातवा मुक्काम लोबुचे, ४,९४० मीटर. आठव्या दिवशी गोरकशेप, आणि तिथे सामान टाकून पायथ्याच्या तळावर जाऊन परत. नवव्या दिवशी पहाटे काला पत्थरचा टेकाड चढायचा आणि त्याच दिवशी फेरिचेपर्यंत उतरायचे. तळावरून एव्हरेस्टचा माथा दिसत नाही, तो काला पत्थरवरूनच नीट दिसतो. हे ठाऊक नसल्याने तळावर पोचून हिरमुसलेली माणसे मी पाहिली आहेत. दहावा मुक्काम नामचे, अकरावा लुक्ला.

झाले अकरा दिवस. मुंबई-पुण्याहून काठमांडूला जाण्याचा एक, तिथे परवाने व खरेदी यांचा एक, लुक्ल्याहून काठमांडूला परतण्याचा एक आणि घरी येण्याचा एक. हे चार मिळवले की पंधरा. उरलेले तीन हाताशी राखून ठेवायचे. हे तीन दिवस कशासाठी, ते मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो.

आम्ही आठ जण होतो. आमच्यापाशी राखीव दिवस एकही नव्हता, आणि परतीची तिकिटे तारखेसह काढलेली. लुक्ल्याचे विमान हवेच्या लहरीवर उडते. दरीत ढग उतरला की उड्डाण रद्द. आणि त्या लहानशा, उताराच्या धावपट्टीवर ते रद्द होते हेच बरे. गर्दीच्या हंगामात ही विमाने पुष्कळदा काठमांडूऐवजी रामेछापजवळच्या मंथळी येथून सुटतात. काठमांडूहून तिथे मोटारीने चार-पाच तास लागतात. मध्यरात्री निघून आम्ही तिथे पोचलो आणि दोन दिवस आकाशाकडे पाहत बसलो. तिसऱ्या दिवशी विमान मिळाले. आता गेलेले दोन दिवस कुठून तरी भरून काढायचे! आम्ही सर्वांनी मिळून ठरवले की नामचेचा आणि दिंगबोचेचा जादा मुक्काम गाळायचा. वाटाड्याने मान हलवली, तो म्हणाला, "साहेब, बिस्तारै, बिस्तारै." हळूहळू, सावकाश. आम्ही हसून त्याचाच शब्द त्याला ऐकवला आणि पुढे निघालो. दोष दुसऱ्या कुणाचा नव्हता. आठही जणांनी होकार दिला होता, त्यांत मीही होतो.

आमच्यातले एक गृहस्थ नुकतेच नोकरीतून निवृत्त झालेले. गडकोट हिंडलेले, अंगाने काटक. दिंगबोचेलाच त्यांचे डोके दुखत होते, जेवण जात नव्हते. पण आपल्यामुळे सगळ्यांचा बेत मोडेल म्हणून ते बोलले नाहीत. "ऊन लागलं असेल," म्हणाले. लोबुचेला रात्री ते उठले तेव्हा त्यांना जाकिटाची गुंडी लावता येईना. दारापर्यंत जाताना भिंत धरावी लागली. काय होतंय म्हणून विचारले, तर ते मुलाचे नाव घेऊन मलाच हाका मारू लागले. वाटाड्याने त्यांना एका रेषेवर, टाचेला पुढच्या पायाचा अंगठा लावीत चालायला सांगितले. दुसऱ्याच पावलाला तोल गेला. मग त्याने कुणाला काही विचारले नाही. विजेऱ्या लावल्या, आमच्या दोन भरियांनी आळीपाळीने त्यांना पाठीवर घेतले, आणि त्या काळोखात, थंडीत ते सगळे फेरिचेकडे उतरले. पहाटे ते तिथल्या दवाखान्यात प्राणवायू घेत होते, आणि दुपारी त्यांनी मला नावाने ओळखले. सहा-सातशे मीटर खाली येण्याने जे साधले ते वर थांबून साधले नसते. आणि गंमत पाहा, जे दोन दिवस वाचवण्यासाठी हा सारा खटाटोप केला, ते दोन्ही दिवस परतताना लुक्ल्याला ढगात गेले. तिकिटे बुडाली ती बुडालीच.

म्हणून या आजाराची चिन्हे नीट ध्यानात ठेवा. पहिली पायरी सौम्य. डोके दुखते, जोडीला मळमळ, अन्नावरची वासना जाणे, चक्कर, गळून जाणे. नव्या उंचीवर डोके दुखू लागले तर दुसरे काही कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच आजार समजावा. अशा वेळी वर जायचे नाही. तिथेच थांबावे, पाणी प्यावे, विसावा घ्यावा. एक-दोन दिवसांत बहुधा बरे वाटते. न वाटल्यास खाली यावे.

पुढच्या दोन पायऱ्या मात्र जीवघेण्या. एकीत फुप्फुसांत पाणी साठते. बसल्या जागी धाप लागते, खोकला सुटतो, ओठ निळसर होतात, कधी तांबूस फेसकट थुंकी पडते. दुसरीत मेंदूला सूज येते. चाल दारुड्यासारखी होते, बोलणे असंबद्ध होते, माणूस सुस्त पडतो. या दोन्हींना उपाय एकच, आणि तो म्हणजे ताबडतोब खाली उतरणे. "सकाळी पाहू" म्हणायचे नाही. रात्र असली तरी, पाऊस असला तरी उतरायचे. प्राणवायू, औषधे, हवा भरून दाब वाढवणारी पिशवी ही साधने उपयोगी आहेत. पण ती उतरण्याच्या मदतीला आहेत, उतरणे टाळण्यासाठी नाहीत. आजाऱ्याला एकटे कधीही पाठवू नये, कारण त्याची बुद्धीच ठिकाणावर नसते.

१९७३ साली स्थापन झालेली हिमालयन रेस्क्यू असोसिएशन ही संस्था फेरिचे येथे हंगामात दवाखाना चालवते. तिथले डॉक्टर दुपारी प्रवाशांना या आजाराविषयी व्याख्यान देतात. फेरिचे दिंगबोचेहून चालत जवळ आहे. विश्रांतीच्या दिवशी तिथे जाऊन ते जरूर ऐकावे.

औषधाविषयी दोन शब्द. ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी शरीराला हवेला रुळायला मदत करते. चढाईच्या आदल्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ १२५ मिलिग्रॅम घेण्याचा प्रघात आहे. तिने बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावे लागते. सल्फा औषधांची बाधा होणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि मूत्रपिंडांचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हात लावू नये. किंबहुना सर्वांनीच निघण्यापूर्वी महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांकडे जावे. रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार यांपैकी काही असेल तर लपवू नये. झोप लागत नाही म्हणून झोपेच्या गोळ्या किंवा मद्य घेऊ नये. त्यांनी रात्रीचा श्वास आणखी मंदावतो. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर हल्ली प्रत्येकाच्या खिशात असते. त्याचा आकडा पाहावा, पण आकडा चांगला आणि डोके ठणकते अशी स्थिती असेल तर डोक्याचे ऐकावे.

आता पायांची तयारी. सह्याद्रीत उंची नाही, पण चढ आहे, आणि उतार तर फारच चांगला आहे. तीन महिने आधी सुरुवात करावी. पुण्याच्या माणसाने आठवड्यातून दोनदा सिंहगड चढावा. पाठीवर पाच-सहा किलोंचे ओझे घ्यावे. महिन्यातून एकदा राजगड-तोरण्यासारखी लागोपाठ दोन दिवसांची चाल करावी, कारण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी दुखऱ्या पायांनी उठण्यात असते. मुंबईच्या माणसाने इमारतीचे जिने चढावेत आणि उतरावेतही. गुडघे चढताना तक्रार करीत नाहीत, उतरताना करतात. या सरावाने उंचीचा आजार टळणार नाही, हे मघाच सांगितले. मग करायचा कशाला? पाय तयार असले की तुम्ही दमून भागून मुक्कामाला पोचत नाही. जेवता, झोपता, आणि डोके दुखते ते थकव्याने की उंचीने, हे ओळखण्याइतके भानावर राहता.

अखेर सामानाकडे वळू. बूट घोट्याला आधार देणारे घ्यावेत आणि निघण्यापूर्वी किमान शंभर किलोमीटर वापरावेत. नवा बूट घालून हिमालयात जाणे म्हणजे पायाला फोड विकत घेणे. काठ्या दोन घ्याव्यात. कपडे थरावर थर घालता येतील असे असावेत. अंगालगत घाम शोषून लवकर वाळणारा कपडा, त्यावर लोकर, त्यावर वारा व पाऊस अडवणारे. सुती बनियन घरी ठेवावा; तो भिजला की वाळत नाही. मुक्कामासाठी पिसांचे जाकीट लागतेच, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोरकशेपला रात्री पारा शून्याच्या खाली दहा-पंधरा अंश उतरतो. जाकीट व झोपायची पिशवी काठमांडूत भाड्यानेही मिळते. काळा चष्मा चांगल्या प्रतीचा हवा. बर्फावरच्या उन्हाने डोळे येतात ते साधे येत नाहीत. लुक्ल्याच्या विमानात माणशी पंधरा किलोंच्या आसपासच सामान नेता येते, तेव्हा चकल्या-लाडवांचे डबे बेताने घ्यावेत.

पाणी दिवसाला तीन-चार लिटर प्यावे. उकळलेले, किंवा शुद्ध करण्याची गोळी टाकून अर्धा तास ठेवलेले. पाच हजार मीटरवर पाणी ८३-८४ अंशांनाच उकळते. तेवढ्याने रोगजंतू मरतात, पण डाळ शिजत नाही. म्हणून तिथल्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. डाळभात मात्र सर्वत्र मिळतो, ताजा असतो आणि पुन्हा वाढतात. मांसाहारी मंडळींनीही नामचेच्या वर डाळभातावरच राहावे, कारण मांस खालून पाठीवरून येते आणि वाटेत त्याला किती दिवस झाले हे कळत नाही.

नेपाळ आपल्याला घरच्यासारखा वाटला तरी तो परदेश आहे. व्हिसा लागत नाही. पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र हवे. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे. १९९३ पासून शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी रुपये हा दर कायम आहे. मात्र कोणत्या भारतीय नोटा किती नेता येतात याचे नियम बदलत असतात, ते निघताना पाहावेत. नामचेच्या पुढे एटीएमवर भिस्त ठेवू नये, रोकड बाळगावी. सागरमाथा राष्ट्रीय उद्यानाचा आणि स्थानिक पालिकेचा असे दोन परवाने लागतात. उद्यानाच्या शुल्कात सार्क देशांच्या नागरिकांना सवलत आहे. विमा उतरवताना मात्र कागद वाचा. साध्या प्रवासविम्यात डोंगरातली चाल पुष्कळदा बसतच नाही. सहा हजार मीटरपर्यंतची चाल आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च, हे दोन्ही शब्दांत लिहिलेले असले पाहिजेत. पॉलिसीची एक प्रत वाटाड्याजवळ आणि एक घरी ठेवावी.

आणि शेवटी, ज्यांच्या पाठीवरून हे सारे सामान जाते त्यांच्याविषयी. भरिया म्हटला की तो शेर्पा आणि त्याला थंडी-वारा लागत नाही, असे आपण धरून चालतो. हे खरे नाही. कित्येक भरिये खालच्या खोऱ्यांतून आलेले राई, तमांग किंवा अन्य समाजाचे तरुण असतात. त्यांना तुमच्या-आमच्यासारखाच उंचीचा आजार होतो, आणि रोजगार बुडेल म्हणून ते तो आपल्याहून अधिक लपवतात. ठरवतानाच विचारावे, याचा विमा आहे का, याला बूट व गरम कपडे आहेत का, रात्री हा झोपणार कुठे? तीस किलोंहून अधिक ओझे देऊ नये. कमी दिल्यास उत्तम. रोज संध्याकाळी आपल्या मंडळींची प्रकृती विचारतो तशी त्याचीही विचारावी, आणि तो आजारी पडला तर पैसे हातावर ठेवून त्याला एकटा खाली पाठवू नये. बरोबर माणूस द्यावा. आमचे ते गृहस्थ ज्या दोघांच्या पाठीवरून उतरले त्यांतल्या धाकट्याचे वय वीसही नसेल. त्याच्या पायांत कापडी बूट होते. ते मी सकाळी उजाडल्यावर पाहिले. लुक्ल्याला पहिल्या दिवशी पाहायला हवे होते.

तेव्हा निघण्यापूर्वी सगळ्या सोबत्यांनी एकत्र बसावे आणि दोन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात. कुणाचेही डोके दुखले तर तो ते त्याच दिवशी सांगेल, ही एक. आणि खाली उतरा असे वाटाड्या म्हणाला तर वाद घालायचा नाही, ही दुसरी. घरी चहा पिताना या गोष्टींवर सगळ्यांचे एकमत होते. पाच हजार मीटरवर, रात्री दोन वाजता, होत नाही. म्हणून त्या आधी ठरवाव्यात. एखाद्याला लोबुचेहून परतावे लागले तर त्याला बिचारा म्हणू नये. तो घरी येतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ शकतो.

एवढे झाले की रजेचा अर्ज लिहावा, अठरा दिवसांचा. साहेबांनी तो मंजूर केला की मग बूट आणायला जाऊ.